फास्टनेट 1979 : शीड आखडायची वेळ

शनिवार, 11 ऑगस्ट, दुपार
इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या काउज बंदरातून 303 शिडाच्या बोटी निघाल्या. शर्यत 605 सागरी मैलांची. लँड्स एंडचं टोक ओलांडायचं, मोकळा समुद्र कापून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालायचा आणि प्लिमथला परतायचं. सर्वांत लहान गटात 58 बोटी. लांबी तीस फुटांच्या आसपास, माणसं पाच-सहा.

सोमवार, 13 ऑगस्ट, सकाळ
वारा मंद. अटलांटिकवरून कमी दाबाचं एक क्षेत्र आयर्लंडकडे सरकत होतं. ते किती वेगाने तीव्र होणार, हे अजून कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

13:55
बीबीसीचं समुद्री हवामानवृत्त. फास्टनेट परिसरात नैर्ऋत्येचा वारा, ब्यूफोर्ट मापावर 4 ते 5, पुढे काही काळ 6 ते 7. म्हणजे आता 21 नॉटपर्यंत, नंतर जास्तीत जास्त 33. शर्यतीला निघालेल्या माणसाला यात काळजीचं काही वाटत नाही.

आकडा मात्र फसवा असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा दाब चौपट होतो. 20 नॉटचे 50 झाले, तर सहापटीहून जास्त.

दुपार, तीननंतर
वारा नैर्ऋत्येकडून भरू लागला. बोटी वेगात होत्या, शिडं पूर्ण उभारलेली.

या वेळी मुख्य शीड आखडायचं काम दोघांचं आणि पाच मिनिटांचं. एकाने शीड वर धरणारा दोर ढिला करायचा, दुसऱ्याने कापड हातभर खाली ओढून त्याची कडी डोलकाठीजवळच्या आकड्यात अडकवायची. मग दोर पुन्हा ताणायचा आणि शिडाचं मागचं टोक आडव्या दांड्यावर आवळून घ्यायचं. बोट सारखी एका कुशीवर झुकू लागली, सुकाणू हाताला जड लागू लागलं, की हे करायचं असतं. जास्त झुकलेली बोट वेगाने जातही नाही, ती आडवी घसरते. तरीही शर्यतीत आधी शीड आखडणं म्हणजे मागे पडणं, असंच वाटतं.

17:50
पुढचं हवामानवृत्त. वारा 6 पर्यंत वाढेल, काही ठिकाणी 8. आकडा वाढला होता, पण ‘काही ठिकाणी’ या शब्दांत सुटकेला जागा होती. अजून तीन तास उजेड होता. डेकवर उभं राहून काम करता येत होतं.

संध्याकाळ
वादळाचे स्वतंत्र इशारे नेहमीच्या हवामानवृत्ताची वाट पाहत नसत, ते अधेमध्ये प्रसारित होत. ठरलेल्या वेळेलाच रेडिओ लावणाऱ्या बोटीला ते ऐकू येण्याची खात्री नव्हती. नऊच्या सुमारास सूर्य मावळला.

22:00
अंधार. वारा 8 च्या पुढे. दुपारचं पाच मिनिटांचं काम आता वेगळं झालं होतं. माणसाला पट्ट्याने बोटीला बांधून घेऊन पुढे सरपटत जावं लागत होतं. ओलं कापड पत्र्यासारखं ताठ, त्यात बोटं रुतत नव्हती. प्रत्येक लाट डेकवरून जात होती. ज्यांनी उजेडात शीड आखडून ठेवलं होतं, त्यांना आता ते उतरवून बांधायचं तेवढं बाकी होतं. बाकीच्यांना सगळंच करायचं होतं.

23:00 च्या सुमारास
फास्टनेट परिसरासाठी इशारा : वारा 9, लवकरच 10. ज्यांच्यासाठी तो होता, त्यांतले बरेच जण एव्हाना त्या वाऱ्यातच होते.

मंगळवार, 14 ऑगस्ट, 00:15
नेहमीच्या हवामानवृत्तात 10 हा आकडा आला, म्हणजे 48 ते 55 नॉट. दुपारच्या 13:55 च्या हवामानवृत्ताला दहा तास वीस मिनिटं झाली होती.

02:00 ते 05:00
वारा नैर्ऋत्येकडून फिरून वायव्येकडे गेला. जुन्या लाटा एका दिशेने, नव्या दुसऱ्या दिशेने. दोन्ही जिथे भिडत, तिथे पाण्याची भिंत उभी राहून कोसळे. अनेक बोटींवर आता एकही शीड नव्हतं. नुसत्या डोलकाठीवरही त्या आडव्या होत होत्या, काही पूर्ण उलटत होत्या.

‘ग्रिमॅल्किन’, तीस फूट, सहा माणसं. बोट उलटली. कप्तान समुद्रात गेला. उरलेल्यांपैकी दोघे मेले असं समजून तिघे जीवरक्षक तराफ्यात उतरले. त्या दोघांतला एक पुढे बोटीवरच वारला. दुसरा जिवंत होता. बोट तरंगत राहिली आणि संध्याकाळी हेलिकॉप्टरने त्याला उचललं.

05:30 च्या सुमारास
उजाडताच कॉर्नवॉलमधल्या कुलड्रोज नौदल तळावरून हेलिकॉप्टरं निघाली. किनाऱ्यावरच्या जीवरक्षक बोटी रात्रीपासूनच बाहेर होत्या. कोणती बोट कुठे आहे, हे नेमकं कोणालाच माहीत नव्हतं. बोलता येणारा रेडिओ अनेक बोटींवर नव्हताच, तो सक्तीचा नव्हता.

हिशेब
शर्यतीतले 15 जण मृत्युमुखी पडले. 24 बोटी सोडून द्याव्या लागल्या, त्यांतल्या 5 बुडाल्या. बाकीच्या 19 नंतर तरंगत्या सापडल्या. 303 पैकी 85 बोटींनी शर्यत पूर्ण केली.

चौकशी अहवाल त्याच वर्षी आला. माहिती दिलेल्या बोटींपैकी जवळपास निम्म्या किमान आडव्या झाल्या होत्या, एक तृतीयांश त्याहूनही पुढे कलंडल्या होत्या. सुरक्षा पट्टे आणि तराफे तुटल्यानेही माणसं गेली होती. पुढे बोलता येणारा रेडिओ सक्तीचा झाला.

वेळेवर शीड आखडलं असतं तर सगळे वाचले असते, असं म्हणता येत नाही. पहाटेच्या त्या लाटांपुढे शीड नसलेल्या बोटीही टिकल्या नाहीत. पण त्या लाटांपर्यंत माणसं थकून, भिजून, अंधारात कापडाशी झुंजून पोचायची की बांधाबांध करून, थोडी झोप काढून, हे संध्याकाळीच ठरलं होतं. लहान बोट चालवणाऱ्याने एवढं धरून ठेवावं : शीड कमी करावं का, हा प्रश्न मनात पहिल्यांदा येतो, तीच वेळ. त्या सोमवारी ती उजेडात येऊन गेली होती.

सर्वांत लहान गटातल्या 58 बोटींपैकी एकच प्लिमथला शर्यत पूर्ण करून पोचली. ‘असेंट’, लांबी 32 फूट.