यकृताच्या पुनर्निर्मितीचा संदेश : एका शोधाचा इतिहास

यकृताचा मोठा भाग शस्त्रक्रियेने काढला, तरी उरलेला भाग वाढून ती उणीव भरून काढतो. ही वाढ सुरू करणारा संदेश कोणता, या प्रश्नाच्या उत्तरास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. त्या शोधाचे प्रमुख टप्पे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहेत.

१९३१ मध्ये हिगिन्स व अँडरसन यांनी उंदराच्या यकृताचा सुमारे दोन तृतीयांश भाग काढण्याची पद्धत मांडली. त्यामुळे या वाढीचे मोजमाप शक्य झाले. १९५१ मध्ये नॅन्सी बुचर व सहकाऱ्यांनी उंदरांची शरीरे जोडून त्यांचे रक्त एकमेकांत मिसळू दिले. एकाच्या यकृताचा भाग काढला असता दुसऱ्याच्या अखंड यकृतातही पेशीविभाजन वाढले. म्हणजेच संदेश रक्तातून वाहत होता. त्याचे रासायनिक स्वरूप मात्र अज्ञात राहिले.

१९८४ मध्ये जपानमधील तोशिकाझु नाकामुरा व सहकाऱ्यांनी अशी शस्त्रक्रिया झालेल्या उंदरांच्या रक्तरसातून यकृतपेशींचा वृद्धिघटक अंशतः शुद्ध केला. १९८९ मध्ये त्याच्या जनुकाची ओळख पटली. पेशीच्या पृष्ठभागावर हा घटक स्वीकारणारे ग्राही प्रथिन ‘मेट’ होय, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले. ‘मेट’चे जनुक मात्र १९८४ पासूनच कर्करोगकारक म्हणून परिचित होते.

अशा रीतीने संशोधनाचे दोन स्वतंत्र प्रवाह एकाच रेणूपाशी येऊन मिळाले. इजा भरून काढणारा संदेश अर्बुदाच्या वाढीसही साहाय्यभूत ठरू शकतो. म्हणून या घटकाचा उपचारार्थ विचार करताना, वाढ कशी सुरू करावी याइतकाच ती केव्हा थांबावी हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.