माळरानावरील दुर्बीण

बीडहून औरंगाबादेकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडे, जाणारा रस्ता शहागडजवळ गोदावरी ओलांडतो आणि थोड्याच वेळांत वडीगोद्रीस पोंचतो. अंबड आणि जालना येथें जाणारी वाट येथूनच फुटते. पैठणच्या धरणाचा कालवा येण्यापूर्वीं हा सारा मुलूख उघडा होता. काळ्या जमिनीचे पट्टे, मधून मधून मुरमाड माळ, एखादी बाभूळ, एखादा कोरडा ओढा. नजर अडविणारें असें दुसरें कांहीं नव्हतें. अशा प्रदेशांतील शिकाऱ्याची अडचण अरण्यांतील शिकाऱ्याच्या अडचणीहून अगदीं वेगळी असे. अरण्यांत जनावर जवळ असूनही दिसत नाहीं. माळावर तें दुरूनही दिसतें, परंतु मनुष्यही त्याला तितक्याच दुरून दिसतो. म्हणून माळावरच्या शिकारींत बंदुकीच्या आधीं दुर्बिणीचा विचार करावा लागे.

ह्या जिल्ह्यांतील दुर्बिणीची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट मात्र शिकारीची नसून युद्धाची आहे. भोकरदन तालुक्यांतील असई येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजांशीं आर्थर वेलस्ली याची गांठ पडली. मध्यें केळणा नदी होती. समोरचा उतार मराठ्यांच्या तोफांच्या माऱ्यांत होता, आणि दुसरा उतार नाहीं असें वाटाडे ठामपणें सांगत होते. वेलस्लीनें दुर्बीण लावली. नदीच्या अलीकडे एक गांव दिसलें आणि त्याच्या बरोबर समोर, पलीकडच्या तीरावर, दुसरें. नदीच्या दोन कांठांवर इतकीं जवळ जवळ वसलेलीं गांवें एकमेकांकडे जाण्यायेण्याची सोय असल्याखेरीज राहणार नाहींत, असें त्यानें मनाशीं ठरविलें आणि तेथूनच सैन्य पार नेलें. उतार खरोखरच होता. ही हकीकत त्यानें पुढें, ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाल्यावर, स्वतःच सांगितली आहे.

ह्या प्रसंगांत दुर्बिणीनें केवळ घरें दाखविलीं. उतार दाखविला तो अनुमानानें. आणि दुर्बिणीची मर्यादाही त्याच दिवशीं उघड झाली. शिंद्यांचें कवायती पायदळ पोलमान नांवाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखालीं होतें. बाजूनें येणाऱ्या शत्रूकडे तें इतक्या त्वरेनें तोंड फिरवून उभें राहील, हें कोणत्याही भिंगांतून दिसण्यासारखें नव्हतें. वेलस्लीला जय मिळाला, परंतु त्याचे पंधराशेंहून अधिक लोक ठार वा जखमी झाले.

त्या काळची दुर्बीण एका डोळ्याची आणि लांब नळीची होती. वास्तविक दोन डोळ्यांच्या दुर्बिणीची कल्पना मूळ दुर्बिणीइतकीच जुनी आहे. १६०८ सालीं हान्स लिपरहे ह्या चष्मे करणाऱ्या कारागिरानें हेग येथें आपलें यंत्र सादर केलें, तेव्हांच डच सरकारनें दोन्ही डोळ्यांनीं पाहतां येईल असें यंत्र मागितलें होतें, आणि त्यानें तें करूनही दिलें. परंतु दोन नळ्या एकमेकींशीं तंतोतंत समांतर ठेवणें अवघड. त्यांत केसभर चूक झाली कीं एका वस्तूच्या दोन वस्तू दिसतात आणि थोड्याच वेळांत डोकें दुखूं लागतें. एकोणिसाव्या शतकांत ही कारागिरी साधली. जालन्यासारख्या छावणींतील अधिकाऱ्यांच्या गळ्यांत जी दुर्बीण लटकत असे, ती अशा दोन आंखूड नळ्यांची. तिच्यांत डोळ्याकडचें भिंग अंतर्गोल असे. ती हलकी आणि सुटसुटीत होती, पण वस्तूला तीन ते पांच पटींपलीकडे नेत नसे. त्याहून अधिक मोठेपणा मागितला, तर दिसणारें क्षेत्र एवढें अरुंद होई कीं कळप हुडकतां हुडकतांच निघून जावा.

ही अडचण लोलकांनीं दूर केली. इग्नात्सिओ पोरो ह्या इटालियन संशोधकानें १८५४ सालीं लोलकांत प्रकाश वळवून उलटी प्रतिमा सुलटी करण्याची युक्ति शोधली. पण लोलकाला लागणारी निर्मळ कांच त्या वेळीं मिळत नव्हती. जर्मनींतील येना येथें ओटो शॉट यानें तशी कांच तयार केली आणि एर्न्स्ट आबे याच्या आंखणीवरून त्साइस कारखान्यानें १८९४ सालीं लोलकाची दुर्बीण बाजारांत आणली. प्रकाशाची लांब वाट घडी घालून आंखूड नळींत बसविली गेली. शिवाय पुढचीं दोन भिंगें डोळ्यांपेक्षां अधिक अंतरावर आल्यामुळें पुढचें काय आणि मागचें काय, हें अधिक स्पष्ट कळूं लागलें. सपाट माळावर अंतराचा अंदाज नेहमीं चुकतो. तेथें हा लाभ लहान नव्हता.

आतां प्रश्न निवडीचा. दुर्बिणीवर आठ गुणिले तीस, सात गुणिले पन्नास असे आंकडे कोरलेले असतात. पहिला आंकडा वस्तु किती पट जवळ दिसते तें सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. दुसऱ्यास पहिल्यानें भागलें कीं डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते. सात गुणिले पन्नास मध्यें ती सुमारें ७ मिलिमीटर, आठ गुणिले तीस मध्यें पावणेचार. भर दिवसा बुबुळाचें छिद्र दोन-तीन मिलिमीटरांहून मोठें होत नाहीं, म्हणून दुपारीं जड दुर्बिणीचा जादा प्रकाश वायां जातो. पहांटे आणि तिन्हीसांजेस मात्र तोच कामास येतो, आणि काळवीट चरावयास निघतो तो बहुधा त्याच वेळीं.

पट जितकी अधिक तितकी दुर्बीण चांगली, हा समज माळावर टिकत नाहीं. दहा पटींच्या पुढें हाताचा कंपही दहा पटींनीं वाढतो. ऊन चढलें कीं तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरूं लागते. मृगजळ उठतें, आणि मोठी दुर्बीण जनावराबरोबर ती थरथरही मोठी करून दाखविते. म्हणून उघड्या मुलखांत सात किंवा आठ पटींची, रुंद क्षेत्राची, धूळ आंत न जाणारी दुर्बीण बरी. ती बसून, कोपरें गुडघ्यांवर टेंकून वापरावी. भिंगावरचा लेपही पाहावा. लेप नसलेल्या कांचेच्या प्रत्येक पृष्ठावर शेंकडा चार इतका प्रकाश मागें फिरतो. अशीं दहा पृष्ठें ओलांडतां ओलांडतां एक तृतीयांश प्रकाश नाहींसा होतो. ही गळती थांबविणारा पातळ लेप त्साइसमधील अलेक्झांडर स्माकुला यानें १९३५ सालीं शोधला.

श्रोत्यांच्या मनांत येईल कीं एवढा विचार कशासाठीं? कळप तर नुसत्या डोळ्यांनींही दिसतो. उत्तर असें कीं दुर्बीण जनावर शोधण्यापेक्षां तें ओळखण्यासाठीं लागे. कळपांत बहुतेक तांबूस, बिनशिंगी माद्या आणि पाडसें असत. पूर्ण वाढलेला काळा नर एखादाच. त्याच्या पिळदार शिंगांची पारख करून, माद्या बाजूला झाल्या कीं नाहीं हें पाहून मगच बंदूक उचलावी, असा जाणत्या शिकाऱ्यांचा दंडक होता. काळवीट बैलगाडीला बुजत नाहीं, म्हणून शिकारी गाडीच्या आडोशानें जवळ सरकत. जी दुर्बीण "आज नको" असें वेळेवर सांगे, तीच खरी उपयोगाची.

पारधी समाजाजवळ दुर्बीण नव्हती. शिकविलेल्या बैलाच्या आड चालत ते काळविटाच्या वाटेवर फांस मांडीत, आणि राजेरजवाड्यांच्या शिकारीसाठीं चित्ते पकडून शिकविण्याची विद्याही त्यांच्याकडे होती. पुढें देशांत चित्तेच मिळेनासे झाले. कोल्हापूर संस्थानानें शिकारीसाठीं आफ्रिकेंतून चित्ते आणविले. देशांतले अखेरचे तीन चित्ते १९४७ च्या सुमारास कोरियाच्या महाराजांच्या बंदुकीस बळी पडले, आणि १९५२ सालीं चित्ता भारतांतून नामशेष झाल्याचें सरकारनें जाहीर केलें. महायुद्धानंतर जीपगाड्या माळावर धांवूं लागल्या आणि काळविटांचे कळपही झपाट्यानें ओसरले. प्रत्येक शिकारी आपल्या दुर्बिणींतून समोरचा एक नर अचूक पाहत होता. पण तसे नर साऱ्या मुलखांत किती उरले, हें मोजण्याकडे कोणाची दृष्टि वळली नाहीं.

ती दृष्टि देणारें काम ह्याच निजाम राज्यांत सुरू झालें होतें. १९३१-३२ सालीं सलीम अली यांनीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. नमुन्यांसाठीं त्यांच्याजवळ बंदूक होती, पण खरें काम कोठें काय दिसलें याच्या नोंदीचें होतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाची शिकार गुन्हा ठरली. नान्नजला माळढोकासाठीं १९७९ सालीं आणि रेहेकुरीला काळविटांसाठीं १९८० सालीं अभयारण्यें झालीं. रेहेकुरीचे कळप सांवरले. माळढोक मात्र नान्नजलाही क्वचितच दिसूं लागला.

वडीगोद्रीच्या परिसरांत आज माळांच्या जागीं पुष्कळ ठिकाणीं ऊस उभा आहे. गोदावरीच्या वरच्या अंगास, पैठणच्या नाथसागरावर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिंवाळ्यांत तेथें रोहित पक्षी आणि हिमालय ओलांडून येणारे हंस उतरतात, आणि कांठावर बसलेला मनुष्य कोपरें गुडघ्यांवर टेंकून तीच सात-आठ पटींची दुर्बीण डोळ्यांस लावतो. निवडीचे नियम बदललेले नाहींत: प्रकाश, स्थिरता, रुंद क्षेत्र. फरक एवढाच कीं आतां त्याच्याजवळ बंदूक नाहीं. एक वही आहे, आणि तींत तो थव्यांतील पक्ष्यांची संख्या लिहीत असतो.