उन्माद-विषादानें ग्रासलेलीं मुलें आणि घरचा उपचार

चौदा-पंधरा वर्षांचें एखादें मूल चार-चार रात्री झोपत नाहीं, अखंड बोलत सुटतें, आपणांस अशक्य असें कांहींच नाहीं असें मानूं लागतें. आणि कांहीं आठवड्यांनीं तेंच मूल अंथरुणांतून उठत नाहीं, अन्न नको म्हणतें, जीवच नकोसा झाल्याचें बोलतें. या दोन्ही अवस्था एकाच विकाराच्या होत, असें जर्मन वैद्य एमिल क्रेपेलिन यांनीं १८९९ सालीं मांडलें. आज त्यास द्विध्रुवी मनोविकार किंवा बायपोलर म्हणतात. कर्जत-खालापूरच्या डोंगरकडेच्या वाड्यांत मात्र पहिल्या अवस्थेस बाहेरची बाधा व दुसरीस आळस अशीं नांवें मिळतात, आणि पहिलें बोलावणें जातें तें बहुधा भगतास.

औषधाखेरीज अशा मुलास काय द्यावें, हा प्रश्न फार उशिरां पुढें आला. १८५८ व १९१२ चे कायदे मुख्यतः रोग्यास कोठें व कसें ठेवावें याचेच होते. ठाण्याचें इस्पितळ १९०१ सालीं उघडलें, तेंही त्याच काळांतलें. रोगी भिंतीच्या आंत आणि आप्त बाहेर. १९३७ सालीं मुंबईच्या टाटा समाजकार्य विद्यालयानें बालमार्गदर्शन-चिकित्सालय सुरू केलें, तेव्हां मुलाबरोबर आईबापांचेंही ऐकून घेण्याची वाट उघडली. पुढें १९४९ सालीं ऑस्ट्रेलियांत जॉन केड यांस लिथियम या क्षाराचा गुण आढळला, आणि जगाचें लक्ष साहजिकच गोळीकडे वळलें.

परंतु त्यानंतरच्या दशकांतच अमृतसरच्या मनोरुग्णालयांत डॉ. विद्यासागर यांनीं आवारांत तंबू ठोकून रोग्यांच्या नातेवाइकांस तेथें राहावयास बोलाविलें. आप्तांनीं रोग्याची शुश्रूषा करावी, आजार समजून घ्यावा व सर्वांनीं मिळून घरीं परतावें, अशी ती योजना होती. तिची कीर्ति व्हावी तितकी झाली नाहीं. कुटुंबास आजार शिकविण्याचा मार्ग पुढें अमेरिकेंत डेव्हिड मिक्लोविट्झ यांनीं शास्त्रशुद्ध बांधला. किशोरवयीन रोग्यांसाठीं त्यांनीं नऊ महिन्यांत एकवीस बैठकांचा क्रम आंखला व २००८ सालीं त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. या मुलांचा विषाद लवकर ओसरला. पण हा उपचार औषध सोडून नव्हे, औषधाच्या जोडीनें झाला होता, हें विसरतां येत नाहीं. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांनीं दिनक्रमावर भर दिला: झोप, जाग, जेवण व माणसांची गांठभेट रोज ठराविक वेळीं व्हावी, कारण झोप मोडली कीं उन्माद उसळण्याचा धोका वाढतो.

ऐकावयास हें सोपें वाटतें. कर्जतजवळ वेणगांव येथें डॉ. भरत व डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेचें केंद्र २००६ पासून आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांस बरें करून त्यांच्या घरीं पोंचविण्याचें तें काम, त्यासाठीं डॉ. भरत वाटवानी यांस २०१८ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. तेथेंही उपचाराची अखेरची पायरी घर हीच. पण कातकरी मुलाचें घर वर्षभर एके जागीं कोठें असतें? दिवाळीनंतर वीटभट्टीवर, पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हां वाडींत. भट्टीवर माती थापण्याचें काम उजाडण्यापूर्वींच सुरू होतें. झोपेची वेळ मुलानें पाळावी कशी? शाळाही त्या काळांत सुटते, म्हणजे त्याच्यांतील फरक ओळखूं शकणारा शिक्षकही दुरावतो.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें अज्ञान मुलास विजेचे झटके देण्यास बंदी केली. पालकाची संमति व मंडळाची पूर्वपरवानगी असेल तरच अपवाद. रुग्णालयांत दाखल झालेल्या मुलाजवळ आपलें माणूस सर्वकाळ राहिलें पाहिजे, असेंही त्यानें ठरविलें. अमृतसरच्या तंबूंतली गोष्ट अशी कायद्यांत आली. मात्र ठाण्यास मुलाजवळ राहणाऱ्या आईची रोजची मजुरी बुडते, आणि भट्टीमालकाकडून दिवाळींत घेतलेली उचल तिच्या नांवावर तशीच राहते.