देवगिरीच्या लेकीचं नाव काय होतं?

आज पालमहून, घरूनच बोलतोय. मध्ये कुत्रं भुंकलं तर सांभाळून घ्या.

परवा मोबाईलवर आमच्या घराण्याची वंशावळ भरत बसलो होतो. पुरुषांची नावं सहा पिढ्या मागे सरसर गेली. गाडी पणजीपाशी अडली. तिचं सासरचं नाव सगळ्यांना माहीत, माहेरचं एकालाही नाही. तेव्हा मला रामदेवराय यादवाची मुलगी आठवली.

आपला हा मुलूख तेव्हा देवगिरीच्या यादवांचा. 1296 मध्ये अलाउद्दीन खलजी देवगिरीवर चालून आला. तेव्हा तो सुलतान नव्हता, कड्याचा सुभेदार होता. रामदेवराय हरला, खंडणी कबूल केली. इराणात बसून लिहिणारा वस्साफ सांगतो की जीव वाचवायला राजानं मुलगीही दिली. नाव मात्र तो देत नाही.

नाव देतो इसामी. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची माणसं दौलताबादला हलवली, त्यात हा सोळा वर्षांचा पोरगा होता. त्याचे आजोबा वाटेतच गेले. दौलताबाद म्हणजे जुनी देवगिरी, म्हणजे तिचं माहेर! तिथे त्यानं 1350 मध्ये फारसीत काव्यरूप इतिहास पुरा केला. त्यात ती 'झत्यापाली'. आता हे नाव मराठी कानाला कसं वाटतं बघा. फारसीत ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत आणि नकलाकारानं एक नुक्ता इकडचा तिकडे केला की अक्षरच बदलतं. फॉन्ट बिघडलेली पीडीएफ उघडल्यासारखं आहे हे. मूळ शब्द आत आहे, वाचता येत नाही.

पुढे हिंदीत नारायणदासाची 'छिताईवार्ता' आली. त्यात रामदेवाची मुलगी छिताई. अलाउद्दीन तिला पळवतो आणि शेवटी नवऱ्याकडे परत पाठवतो. गोष्ट गोड आहे, पण इतिहास म्हणून मी ती घेणार नाही. कारण इसामीची झत्यापाली परत आलीच नाही.

लग्न कधी झालं? 1296 की 1307-08 मध्ये, मलिक काफूर रामदेवरायाला दिल्लीला घेऊन गेला तेव्हा? तिचा मुलगा शिहाबुद्दीन उमर 1316 मध्ये सहाएक वर्षांचा, म्हणजे जन्म 1310 च्या आसपास. दोन्ही तारखा जमतात! मी वस्साफकडे झुकतो, तो इसामीच्या आधीचा आहे म्हणून.

जानेवारी 1316 मध्ये अलाउद्दीन वारला. काफूरनं याच पोराला गादीवर बसवलं आणि, इसामीच्या म्हणण्यानुसार, त्याच्या आईशी लग्नही केलं. काफूर खोजा होता. म्हणजे हे लग्न सत्तेचं. महिनाभरात काफूरचा खून झाला. सावत्र भाऊ मुबारक कारभारी झाला. दोनेक महिन्यांत त्यानं झत्यापालीवर विषप्रयोगाचा आळ घेतला, गादी बळकावली आणि पोराला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात डांबून डोळे काढवले. विष तिनं खरंच दिलं का? आळ घेणाऱ्यालाच गादी मिळाली, एवढं बघा.

पालमशेजारी गंगाखेड. तिथली जनाबाई साधारण याच काळातली, घरकाम करणारी बाई. तिनं अभंगांत स्वतःचं नाव स्वतः घातलं, 'जनी' म्हणून, आणि ते आजही पहाटे आमच्या गल्लीत ऐकू येतं. राजकन्येचं नाव मात्र परक्या लिपीतून येता येता मोडलं.

वंशावळीत पणजीची चौकट अजून रिकामी आहे. आत्या म्हणाली, लोह्याला एक म्हातारी आहे, तिला माहीत असेल. उद्या जातोय.