रोझेलच्या मावशी: आनंदीबाई जोशी आणि परक्या घरचा पाहुणचार



आपण नाशिकची माणसं. अस्थी म्हटलं की आपल्याला रामकुंड आठवतं. कुठकुठून लोक कलश घेऊन येतात, हे लहानपणापासून पाहत आलो आहोत. आज मी ज्या अस्थींपासून सुरुवात करते आहे, त्या मात्र गोदावरीकडे आल्या नाहीत. त्या समुद्र ओलांडून अमेरिकेला गेल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी नावाचं गाव आहे. तिथल्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत डॉ. आनंदीबाई जोशी यांची रक्षा आहे. कल्याणची चित्पावन मुलगी, आणि तिची रक्षा ठेवून घेतली एका अमेरिकन गृहिणीने. का बरं?

आनंदीबाईंची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. पुस्तक वाचलं असेल, सिनेमा पाहिला असेल. गोपाळरावांचा हट्ट, चौदाव्या वर्षी झालेलं आणि दहा दिवसांत गेलेलं मूल, १८८३ चा प्रवास, १८८६ ची पदवी. ते सगळं मी आज पुन्हा सांगत नाही. मला बोलायचंय ते त्या दुसऱ्या बाईबद्दल. इतिहासात जाणाऱ्याचं नाव राहतं. ज्याने दार उघडलं, त्याचं सहसा राहत नाही.

१८८० मध्ये गोपाळरावांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं: बायकोला शिकवायचंय, अमेरिकेत काही सोय होईल का? उत्तर साधारण असं, की ख्रिस्ती व्हा, मग पाहू. हा पत्रव्यवहार वाइल्डरने आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या होत्या. समोर पडलेलं ते मासिक त्यांनी उचललं, वाचलं आणि घरी येऊन पत्र टाकलं. (दंतवैद्याच्या बाकावर बसून इतकं मोठं काम दुसऱ्या कुणी केल्याचं मला माहीत नाही.)

पुढे बराच काळ पत्रंच चालली. बालविवाह, धर्म, घरातल्या रीती, सगळ्यावर. कलकत्त्यात आनंदीबाईंची प्रकृती बिघडली तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून टपालाने औषधं पाठवली. एकमेकींचा चेहरा पाहिलेला नाही, आणि नातं मात्र मावशी-भाचीचं जडलं.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे इथे कांटची आठवण आल्याशिवाय राहत नाही. १७९५ मध्ये शाश्वत शांततेवर लिहिताना तो म्हणतो की परक्या भूमीवर पाऊल ठेवणाऱ्याला शत्रू मानलं जाऊ नये, एवढा त्याचा हक्क आहे. हक्क, दया नव्हे. पण पाहुणा म्हणून घरात राहायचं असेल तर वेगळा स्नेहाचा करार लागतो. तो हक्काने मागता येत नाही. रोझेल आणि कलकत्ता यांच्यामधली ती पत्रं म्हणजे, माझ्या मते, हाच करार.

आणि त्यात धर्मांतराची अट नव्हती. हे महत्त्वाचं आहे, कारण आनंदीबाईंनी आपली बाजू आधीच जाहीर केली होती. २४ फेब्रुवारी १८८३ ला सेरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे मिशनऱ्यांच्याच अंगणात उभं राहून, त्या म्हणाल्या की मी हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. वय अठराही पूर्ण नाही! त्याच्या थोडी वर्षं आधी आपल्याच नाशकात रमाबाई रानडे पहिल्यांदा सभेत बोलल्या, तेव्हा भाषण न्यायमूर्तींनी लिहून दिलं होतं. रमाबाईंना कमी लेखत नाही मी. त्या काळी उंबरठा किती उंच होता, एवढंच दाखवते आहे.

७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट निघाली. सोबतीला मिशनरी बायका होत्या, पण नवरा नाही, नात्यातलं कुणी नाही. ४ जूनला न्यूयॉर्क. तिथून रोझेल. लुगडं तेच, जेवण शाकाहारी, आणि घरात कुणाला त्याची अडचण नाही. त्या उन्हाळ्यात कार्पेंटरबाईंनी मुलीला फक्त राहू दिलं. 'फक्त' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. राहू देणं आणि सुधारायला घेणं यांत फार अंतर आहे.

ते अंतर पाहायचं तर त्याच वर्षी इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंकडे पाहा. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना आणि लहानग्या मनोरमेला आसरा दिला, माया केली, यात शंका नाही. २९ सप्टेंबर १८८३ ला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. आणि मग सिस्टर जेराल्डीनशी खटके उडू लागले. पुरुषांना शिकवायचं नाही, मुलीला अमुक पद्धतीने वाढवायचं, धर्मगुरू सांगतील ते मानायचं. रमाबाईंनी लेखी उत्तरं दिली, आणि चांगली खणखणीत दिली. प्रेम होतंच हो, पण त्या प्रेमाला पाहुणीची बुद्धी मोकळी सोडवत नव्हती.

आता दुसरी बाजू. मावशीची माया रोझेलमध्ये होती, कॉलेज होतं फिलाडेल्फियाला. डीन रेचल बॉडली यांनीही खूप केलं. पण थंडी, अपुरं खाणं, अभ्यासाचा ताण. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या, आणि शरीर तोवर क्षयाने पोखरलं होतं. कितीही मायाळू यजमान भेटले तरी परका हिवाळा आपला एकटीलाच सोसावा लागतो. हल्ली मुली एकट्या परदेशी जातात, तिथल्या भल्या लोकांचे फोटो पाठवतात, ते पाहून मला आनंदच होतो. तरी मी विचारते, बाई गं, जेवतेस ना नीट?

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधली नेमणूक हाती होती. आनंदीबाई मायदेशी आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. गोपाळरावांनी रक्षा रोझेलला पाठवली. अतिथी देवो भव म्हणणारा आपला समाज दारात आलेल्याचं करतो, नक्की करतो. पण दाराबाहेर गेलेल्या बाईचं काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. कार्पेंटरबाईंनी रक्षा आपल्या माणसांत ठेवली, वर दगड बसवला, त्यावर नाव कोरलं.

वेळ संपत आली. रमाबाई त्या समारंभासाठी म्हणून अमेरिकेत गेल्या आणि तिथे बराच काळ राहिल्या. त्या प्रवासावर त्यांनी १८८९ मध्ये मराठीत पुस्तक लिहिलं, आणि त्यात यजमान देशालाही चार गोष्टी सुनावल्या. ते पुढच्या वेळी घेऊ. आता प्रश्न असतील तर विचारा, जरा मोठ्याने. मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं.