नाणेघाट: राणीचा हिशेब आणि गोविंददासाचं पाणी

मागच्या काही दिवसांत बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "एका दिवसात होणारी, घरच्यांना घेऊन जाता येईल अशी, आणि नुसता धबधबा नाही तर काहीतरी इतिहास असलेली वाट सांगा." एकाने तर थेट विचारलं, "कुत्र्याला नेलं तर चालेल का?" या सगळ्यांचं उत्तर म्हणून आजचा भाग. विषय आहे नाणेघाट.

आता तुम्ही म्हणाल, नाणेघाट तर माहितीये. उलटा धबधबा, नानाचा अंगठा, रीलमध्ये शंभर वेळा बघितलाय. बरोबर. पण आज मला त्या अंगठ्याबद्दल बोलायचं नाहीये. मला बोलायचंय वाटेबद्दल, म्हणजे पायाखालच्या दगडांबद्दल. कारण ही वाट कुणी व्ह्यू बघायला बांधलेली नव्हती. हा त्या काळातला हायवे होता.

आधी नकाशा समजून घेऊ

सह्याद्री म्हणजे एक भिंत समजा. भिंतीच्या पश्चिमेला कोकण, तिथे सोपारा आणि कल्याण ही बंदरं. सोपारा म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळचं गाव. पूर्वेला घाटमाथा, तिथे जुन्नर, आणि आणखी पुढे गेलं की सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. बंदरात जहाज लागलं, माल उतरला. पण गिऱ्हाईक भिंतीच्या पलीकडे. मग भिंतीत दार पाहिजे. नाणेघाट हे ते दार.

घाटाची खिंड बघितली की हे लगेच कळतं. दोन्ही बाजूंना कातळ आणि मधून अरुंद वाट. खालच्या बाजूला दगडी पायऱ्या आणि फरसबंदीचे तुकडे आजही दिसतात. या वाटेने माणसं आणि जनावरं पाठीवर ओझं घेऊन चढली, तीही शेकडो वर्षं.

खिंडीच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकायचे असं परंपरेने सांगितलं जातं आणि घाटाचं नावही लोक त्यावरूनच आलं असं म्हणतात. हा लेखी पुरावा नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट आहे. पण अशा चिंचोळ्या खिंडीत जकात वसूल करणं किती सोपं होतं, हे तिथे उभं राहिलं की पटतं. चुकवून जायला दुसरी वाटच नाही. आजचा टोलनाकासुद्धा इतका पक्का नसतो.

राणीने लिहिलं कुठे, तर वाटेवर

माथ्याच्या थोडं खाली, कोकणाच्या बाजूला, एक गुहा आहे. आत तीन बाजूंना बसायला कट्टे. चढून दमलेला माणूस इथे टेकणार हे उघड आहे. याच गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक लांबलचक लेख कोरलाय. बहुतेक अभ्यासक तो इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातला मानतात, काही जण आणखी थोडा मागे नेतात. म्हणजे ढोबळमानाने २००० वर्षांपूर्वीचा.

लेख आहे सातवाहन राणी नागनिकेचा. ती एका महारठीची मुलगी, राजा सातकर्णीची बायको आणि त्याच्या मागे राहिलेली राणी. लेखाची सुरुवात देवांना नमस्कार करून होते. त्यात धर्म आहे, इंद्र आहे, संकर्षण आणि वासुदेव आहेत, चंद्र-सूर्य आहेत आणि चार लोकपालही. मग राणीची व्रतं, मुलांची नावं आणि पुढे केलेल्या यज्ञांची यादी. दोन अश्वमेध, राजसूय आणि इतर बरेच. प्रत्येक यज्ञात दक्षिणा किती दिली तेही आकड्यांत. गायी किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण नावाची नाणी किती.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो, त्यामुळे दोन मिनिटं सहन करा. हे आकडे म्हणजे भारतात सापडलेल्या जुन्या अंकलेखनाच्या सगळ्यात महत्त्वाच्या पुराव्यांपैकी एक. २४,४०० कार्षापणांसारखा मोठा आकडा तिथे आहे. पण लिहिण्याची पद्धत आपल्यासारखी नाही. शून्य नाही आणि जागेवरून किंमत ठरत नाही. हजाराला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं. २४,४०० लिहायचे तर हजाराच्या चिन्हाला २० जोडायचे, परत हजाराच्या चिन्हाला ४ जोडायचे, मग शंभराच्या चिन्हाला ४ जोडायचे आणि सगळ्याची बेरीज करायची. एकासाठी एक आडवी रेघ, दोनासाठी दोन आडव्या रेघा. त्या दोन रेघा भराभर, हात न उचलता लिहून बघा. आपल्या २ च्या आसपास पोचता की नाही?

आता खरा मुद्दा. एवढा मोठा हिशेब राजवाड्यात न लिहिता डोंगरातल्या गुहेत का लिहिला? कारण वाचक तिथे होते. व्यापारी, तांडे, भिक्षू, सरकारी माणसं, सगळे इथून जाणार आणि इथेच थांबणार. आजच्या भाषेत, सगळ्यात जास्त ट्रॅफिक असलेल्या पानावर सातवाहनांनी आपली जाहिरात लावली. "हे राज्य आमचं आहे, आम्ही मोठे आहोत, तुमचा माल इथे सुरक्षित आहे." वाट होती म्हणून लेख आहे, हा क्रम लक्षात ठेवा.

शब्द कमी पडतील म्हणून मूर्तीही कोरल्या होत्या. वर नावं आहेत: सिमुक सातवाहन, देवी नायनिका म्हणजे आपली नागनिका, राजा सातकर्णी, राजकुमार, एक महारठी. नावं अजून दिसतात, मूर्ती मात्र गेल्या. उरल्यात त्या पायांच्या खुणा. राजघराण्याचा पूर्ण ग्रुप फोटो, आणि शिल्लक फक्त पाय!

आणि गोविंददास कोण?

लेखात गायी मोजल्यात, घोडे मोजलेत, नाणी मोजलीत. पण ज्यांनी पाठीवर गोण्या वाहून हा घाट चढला, त्यांचा उल्लेख त्यात नाही. ज्यांच्या जकातीवर खजिना भरला असेल, ते या हिशेबात कुठेच नाहीत.

मात्र नाणेघाटात आणखी काही छोटे लेख आहेत, ज्यांच्याकडे कुणी फारसं बघत नाही. त्यातला एक अगदी एका ओळीचा आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासाने पोढी दान दिली, एवढंच. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. असंच टाकं दिल्याचा आणखी एक लेख आहे दामघोष नावाच्या गृहस्थाचा, पुढच्या काळातल्या एका सातवाहन राजाच्या १३व्या वर्षातला.

विचार करा. सोपारा समुद्रकाठी. तिथला माणूस इतक्या लांब, डोंगराच्या माथ्याजवळ पाण्याची सोय का करेल? माझा अंदाज, तो किंवा त्याची माणसं या वाटेने येत-जात असणार. चढ संपता संपता घसा कसा कोरडा पडतो, हे त्याला ठाऊक असणार. राणीने हजारो नाणी दिली ती यज्ञात. गोविंददासाने पाणी दिलं ते चालणाऱ्याला. दोघांची नावं एकाच डोंगरावर कोरली गेली. मला विचाराल तर या वाटेचा इतिहास राणीच्या लेखाइतकाच या एका ओळीतही आहे.

वाट ओस कशी पडली

व्यापारी वाट कायमची नसते. इसवीसनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं एक मार्गदर्शक पुस्तक आहे. त्यात कल्याण बंदराचा उल्लेख येतो, आणि तोही तक्रारीच्या सुरात. एका राजाच्या काळात बंदर खुलं होतं, पण पुढे सत्ता बदलली आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचकडे नेली जाऊ लागली. म्हणजे राजकारण फिरलं की ट्रॅफिक वळलं. याच काळात क्षत्रप आणि सातवाहन यांची या पट्ट्यासाठी झुंज चालली होती.

तरीही घाटवाटा हजार-दीड हजार वर्षं वापरात राहिल्या. खरा धक्का बसला तो इंग्रजांच्या काळात. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे गेली आणि १८६५ मध्ये थळघाटातून. एका डब्यात जितका माल मावतो तितका वाहायला किती बैल लागतील? हिशेब संपला. माल रुळांवर गेला आणि बाकीच्या घाटवाटा आजूबाजूच्या गावकऱ्यांपुरत्या उरल्या.

गंमत म्हणजे हा लेख इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेला पडला तो त्याच्या थोडंच आधी, १८२८ मध्ये. विल्यम साइक्स हा अधिकारी इथे आला आणि त्याने लेखाची नोंद केली. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि गेओर्ग ब्यूलर यांनी तो वाचण्यावर मोठं काम केलं. म्हणजे लेखाला अभ्यासक मिळाले आणि काही वर्षांतच वाटेवरचे वाटसरू कमी झाले.

आज त्या वाटेवर कोण आहे?

आपण आहोत. शनिवार-रविवारवाले. आणि इथेच माझी काळजी सुरू होते.

आता जुन्नरहून घाटघरमार्गे गाडी थेट माथ्यापर्यंत जाते. पावसाळ्यात हजारो लोक येतात, धबधब्याचा व्हिडिओ काढतात, मक्याचं कणीस खातात आणि जातात. यात वाईट काही नाही, माथ्यावरच्या लोकांचं पोट त्यावर चालतं. पण खालून चढणारे त्या मानाने कमी. गुहेतल्या भिंतींवर लोकांनी आपापली नावं ओरखडलीत. लेखाचा बराच भाग आधीच झिजलाय, मधले तुकडेच्या तुकडे गेलेत. जे उरलंय ते परत कोरता येणार नाही. या फाइलचा बॅकअप नाही.

म्हणून जा, जरूर जा, पण वाटसरू म्हणून जा. आता थोडं कामाचं बोलतो.

चालायची सवय असेल तर कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर वैशाखरेजवळून सुरुवात करा. आधी झाडीतली वाट, मग दगडी चढण. आरामात धरलं तर दोन ते तीन तास. सकाळी लवकर निघा म्हणजे ऊन चढायच्या आत माथा गाठाल.

लहान मुलं किंवा आजी-आजोबा सोबत असतील तर उलट करा. जुन्नरकडून गाडीने माथ्यावर या, रांजण दाखवा आणि खिंडीतून गुहेपर्यंतच सावकाश उतरा. तेवढ्यातही गोष्ट पूर्ण होते. मुलांना भिंतीवरच्या आडव्या रेघा शोधायला लावा, मोबाइल आपोआप खिशात जाईल. पावसात दगड प्रचंड निसरडे होतात, त्यामुळे कुटंबासाठी दिवाळीनंतरची थंडी उत्तम.

आणि हो, कुत्रा. पूर्वी दख्खनमध्ये बैलांचे तांडे घेऊन फिरणाऱ्या बंजाऱ्यांसोबत राखणीला कुत्री असायची, त्यामुळे घाटवाटेवर कुत्रा ही काही नवीन गोष्ट नाही. पण त्यांची कुत्री रोज चालायची, आपलं सोफ्यावर झोपतं. म्हणून आधी घराजवळच्या टेकडीवर सवय करा. पट्टा सोडू नका, कारण वर माकडं भरपूर आहेत आणि कड्याला सगळीकडे कठडा नाही. दुपारी दगड तापतात, पंजे भाजतात. त्याच्यासाठी वेगळं पाणी घ्या, आणि गुहेत त्याला नेऊ नका, कुणीतरी एकाने बाहेर थांबा. गावातलं एखादं कुत्रं तुमच्यासोबत चढायला लागलं, आणि सह्याद्रीत ते लागतंच, तर त्याच्याशी भांडण होणार नाही याकडे लक्ष ठेवा. तो तिथला जुना वाटाड्या आहे.

शेवटचं. गुहेच्या आसपास पाण्याची टाकी दिसतील. पिण्यासाठी आपलं पाणी आपण न्यायचं, पण त्या टाक्यांत पाय धुवायचे नाहीत, बाटली टाकायची नाही, कुत्र्याला उतरवायचं नाही. कुणीतरी २००० वर्षांपूर्वी, आपल्याला न ओळखता, पुढे येणाऱ्या प्रत्येक तहानलेल्या माणसासाठी तसं टाकं खोदून घेतलं होतं. ते दान आपल्यालाही मिळालंय.

तुमच्या गावाजवळ अशी एखादी जुनी घाटवाट असेल तर तिचं नाव आणि तिथून पूर्वी काय वाहून नेलं जायचं, हे घरातल्या मोठ्यांना विचारून आम्हाला नक्की कळवा. चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत चालत राहा!