अण्णांच्या तबकड्या

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. त्याला जुन्या रेकॉर्ड जमवण्याचा नाद आहे, त्याही साठच्या दशकातल्या इंग्रजी बँडच्या. नंतर छापलेली प्रत त्याला चालत नाही, पहिलीच हवी. म्हणाला, "मावशी, बीटल्सच्या 78च्या तबकड्या भारतात निघाल्या होत्या. आजोबांच्या मिरजेच्या पेटीत एखादी असेल का गं?"

मला हसूच आलं. आमचे अण्णा आणि बीटल्स! पण तो म्हणत होता ते खरं आहे. विलायतेत 1960च्या सुमारास 78च्या तबकड्या बंद पडल्या. आपल्याकडे मात्र चावीचे फोनो अजून वाजत होते, वीज नसलेल्या गावांतही. त्यामुळे कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात बीटल्सची गाणीसुद्धा पार्लोफोनच्या लेबलवर 78मध्ये निघाली. आज त्यांच्यासाठी जगभरचे शौकीन धडपडतात.

अण्णांच्या पेटीत होते ते अब्दुल करीम खाँसाहेब. खाँसाहेब (1872-1937) मिरजेत स्थायिक झाले आणि आमचं गाव तंबोऱ्यांइतकंच त्यांच्या नावानं ओळखलं जाऊ लागलं. खाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते कर्ण्यात तोंड घालून गायले. तेव्हा मायक्रोफोनच नव्हता. 1930च्या दशकात ओडियन कंपनीसाठी ते मायक्रोफोनसमोर गायले आणि त्यांच्या आवाजातला बारीक झंकार खऱ्या अर्थानं पकडला गेला. तासन्‌तास रंगणारा राग साडेतीन मिनिटांत कसा बसवला असेल? झिंझोटीतली ठुमरी ऐकली की घाई कुठेच जाणवत नाही.

तबकडी असायची लाखेची. लाखेत दगडाची पूड मिसळायची आणि साच्यात दाबायची. पडली की फुटली, आणि गरम केली की मऊ होते. हा शेवटचा गुणधर्म मला फार चांगला ठाऊक आहे.

अण्णा 1976 साली गेले. मी तेव्हा साताऱ्याकडे एका शाळेत नोकरीला होते. फोनोची स्प्रिंग तुटलेली, पेटी माळ्यावर. आईनं ती माझ्याकडे पाठवली. आमच्याकडे कार्यानुभवाच्या तासाला मुलींना काहीतरी शिकवायचं होतं. मी पातेल्यात पाणी तापवलं, तबकड्या मऊ केल्या आणि वाडग्यावर पालथ्या घालून त्यांच्या कुंड्या केल्या. मधल्या भोकातून पाण्याचा निचराही व्हायचा! प्रदर्शनात कौतुक झालं. एकूण एकवीस कुंड्या. मुलींनी त्यांवर ऑइल पेंटनं फुलं काढली.

हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही.

मग मला आठवलं, एक उरली आहे. तिला आधीच तडा होता, म्हणून ती कुंडीच्या कामाची नव्हती. ट्रंकेत तळाशी, अण्णांच्या धोतरात गुंडाळलेली सापडली. भाच्यानं सांगितलं तसं चष्मा लावून पाहिलं. शेवटची खाच आणि कागदी लेबल यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर आकडे कोरलेले असतात, ते वाचून दाखवले. मग लेबलवरचं नाव सांगितलं: कोलंबिया.

"मावशी, ही पहिली प्रत नाही," तो हळूच म्हणाला. "मूळ ओडियनची. कोलंबियावर ती नंतर पुन्हा निघाली."

मी म्हटलं, असू दे रे. अण्णांनी मिरजेत हीच विकत घेतली, हीच पुसली, हीच लावली. आमच्या घरात ही पहिलीच.

दिवाळीत तो साताऱ्याला आला. पिशवीतून फोनो घेऊन. सुई नवी होती. तड्यावरून जाताना प्रत्येक फेऱ्याला टक्‌ असा आवाज, म्हणजे मिनिटाला 78 वेळा. त्या टक्‌टक्‌ मधून खाँसाहेब गात राहिले. मला काही बोलवेना. भाचाही गप्प होता.

उरलेल्या एकवीस तबकड्यांवर काय होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. मी कुंड्या करण्याआधी लेबलं वाचलीसुद्धा नव्हती. तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर एवढं करा मंडळी, निदान नावं एका वहीत उतरवून ठेवा.